कुसुमच्या गुलाबी भिंती

माझी जाऊ कुसुम काल सकाळी गेली.

तिची एक साडी चाळीस वर्षं माझ्या पेटीत होती. मीच काढून घेतली होती.

मला अक्षर येत नाही. मी बोलून राहिली, नात फोनवर टाइप करून राहिली. चुकलं असलं तर तिचं, खरं असलं तर माझं.

कुसुम म्हणजे माझ्या लहान दिराची बायको. लग्नात तिला आंधळगावच्या कोसा रेशमाची साडी आली होती. गुलाबी.
दोन वर्षांत दीर तापानं गेला.
तेव्हाच्या रीतीनं बायकांनी तिच्या बांगड्या उतरवल्या, कुंकू पुसलं. रंगाचे कपडे उचलायचं काम मोठी जाऊ म्हणून माझ्याकडे आलं.

ती तिच्या पेटीवर बसून होती. मला पाहून उठली.
मी झाकण उघडलं, वरचीच गुलाबी साडी उचलली.

तिच्या वाट्याला दोन खोल्या आणि पडवी आली. पहिल्याच दिवाळीला तिनं बादलीत चुना भिजवला आणि त्यात गुलाबी रंगाची पुडी सोडली.

"काहून वं, लगन आहे का तुया घरी?" मी टोमणा मारला.

"अंगावर चालत नाही म्हणता ना, बाई. भिंतीवर तर चालते?"

भिंतीसाठी गावात रीत नव्हती. तिनं कुंचा बुडवला.

पण घाई फार तिला. चुना ओला असला की रंग गडद दिसतो, वाळला की फिका पडतो. हे तिला कधी पटलंच नाही. एक भिंत वाळून फिकी पडली की घाबरून पुढच्या बादलीत दोन पुड्या.
म्हणून पडवी बोडीच्या पाण्यातल्या कमळासारखी, सैपाकखोली कांद्याच्या फोलपटासारखी, आणि आतली खोली अशी भडक की तिथं बसलं की डोळे मिचकावावे लागत.
दर दिवाळीला नवीन शेड. एकही भिंत दुसरीशी मॅच नाही.

मग गुलाबी पडदे. गुलाबी लोकरीचं तोरण. फ्रिज आला तर त्याला गुलाबी कव्हर.
मी म्हणायची, एखाद दिवशी भातही गुलाबी वाढशील.
एकदा वाढला. बीट किसून.

माझे मालक गेले तेव्हा बायका माझ्या बांगड्यांसाठी आल्या. कुसुम दारात आडवी उभी राहिली.

"बाईच्या हाताले हात लावू नका. या घरात एकीचं झालं, तेवढं पुरे."

त्या बांगड्या आजही माझ्या हातात वाजून राहिल्या.

तेरवी झाल्यावर मी ती साडी घेऊन तिच्याकडे गेली. तिनं हात फिरवला, पदर पाहिला, आणि माझ्याच मांडीवर ठेवली.

"राहू द्या, बाई. आता घर नेसते थो रंग."

माफी मागायला गेली होती. घडी घालून परत आली.

काल तिच्यासाठी पांढरं कापड आणलं होतं. मी पेटी उघडली.
शेजारची एक जण हळूच म्हणाली, विधवा बाईले रंग नेसवत नाही, आजी.

"मीच काढली होती. मीच नेसवीन."

मग कोणी आडवं आलं नाही. माझ्या दोन सुना हाताशी आल्या. बाहेर माणसं थांबली.

इतकी वर्षं घडीत राहून साडीचा रंग पट्ट्यापट्ट्यानं उडाला होता. कुठं कमळ, कुठं कांदा, आणि आतल्या घडीत तसाच भडक रंग.
पडवीत तिला टेकवलं तेव्हा मी भिंतीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.
एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मॅच झालं, कुसुम.

जाय वं आता.
तिकडं भिंती पांढऱ्या असतील, तुला काही राहवणार नाही. पण आधी एक हात मार, वाळू दे, मग पुडी टाक.

आता कायची घाई आहे तुले.

तुझी बाई