आठ-दोन कुठून लागतो

स्केलबेकमध्ये फोन उचलला की पहिल्यांदा विनी ऑल्डरसनचा आवाज यायचा. "नंबर सांगा." नंबर सांगून झाला, पलीकडचा माणूस बोलायला लागला, की पुष्कळजण आधी म्हणायचे, "विनी, ठेव आता." लोक गमतीनं म्हणतात असं तिला पहिली काही वर्षं वाटत होतं.

गावातले एकतीस फोन पोस्टाच्या दुकानामागच्या खोलीतल्या, फोन जोडायच्या बोर्डावर येत. लढाई चालू असताना, चव्वेचाळीस साली, आई गेली आणि दुकानाबरोबर बोर्डही विनीच्या गळ्यात पडला. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. लग्न केलं नाही, कुणी विचारलं तर म्हणायची, "बोर्ड सोडून चर्चपर्यंत जायला वेळ कुठे होता?"

लाइन जुळली की नाही हे कळायला कान लावावाच लागे. पण खोटं कशाला बोला, जुळल्यावरही कधीकधी तिचा हात लगेच हलत नसे. कुणाच्या घरी डॉक्टर हवा असला, कुणाचा मुलगा जहाजावरून परतला असला, तर ती अर्धा मिनिट थांबायची. मात्र ऐकलेलं तिनं कधी काउंटरवर आणलं नाही. एवढ्या एका गोष्टीचा तिला अभिमान होता.

एकसष्ट सालच्या वसंतात रूथ कोट्सनं एका सोमवारी सकाळी किर्कमोरला फोन लावायला सांगितला. किर्कमोर हे आठ मैलांवरचं बाजाराचं गाव. जमीनदाराच्या इस्टेटीची कचेरी तिथे. लो फोल्ड नावाचं शेत रिकामं होणार होतं. शेत सोडणारं कूळ म्हणजे रूथचा चुलतभाऊ, त्यामुळे तिच्याशिवाय कुणाला पत्ता नव्हता. जावई टॉमससाठी तिनं शब्द टाकला. कचेरीनं गुरुवारी भेटायला बोलावलं.

गुरुवारी टॉमस धुतलेली कॉलर घालून गेला आणि तासाभरात परत आला. आदल्या दिवशीच गावातल्याच एडगर पीकॉकनं भाडेपट्ट्याच्या कागदावर सही केली होती.

रविवारी प्रार्थनेनंतर चॅपलच्या दारात रूथनं विनीला गाठलं. आजूबाजूला निम्मं गाव उभं होतं.

"विनी, सोमवारचं माझं बोलणं तू ऐकलंस?"

"लाइन लागली का, एवढं ऐकलं."

"म्हणजे ऐकलंस."

विनी घराकडे वळली. अर्धा मिनिट ती खरंच थांबली होती. 'लो फोल्ड' हे दोन शब्द तिच्या कानावर पडले होते.

त्या दिवसापासून गावानं तिला वाळीत टाकलं असं नाही. लोक पोस्टाची तिकिटं घ्यायला येत होते, हवापाण्याचं बोलत होते. फक्त फोनवर आडून बोलायला लागले. "ते काळं जनावर", "ती वरच्या अंगाची बाई", "आपलं ते ठरलेलं". या सगळ्यात एडगरची बहीण मॉड पीकॉक पुढे. ती भावाचं घर सांभाळायची, आणि दुकानात उभी राहून, विनीला ऐकू जाईल असं म्हणायची, "भिंतीला कान असतात म्हणे. आपल्याकडच्या भिंतीला पगारपण मिळतो!"

विनीला आपलाच संशय येऊ लागला. त्या सोमवारी एडगर दुकानात आला होता का? आपण काही बोललो का? जावयाचं नाव निघालं का? तो एक दिवस तिनं खिसा उलटा करावा तसा शंभरदा उलटा करून पाहिला. काही सापडलं नाही, तरी खात्री होईना. मग ती प्रत्येकाकडेच डोळे बारीक करून बघायला लागली. हा कशाला इतका वेळ उभा आहे? ही आत वाकून का बघते?

सहासष्ट साली चॅपलमागे विटांची एक छोटी खोली उभी राहिली, तिच्यात मशिनं बसली आणि स्केलबेकचे फोन आपोआप लागायला लागले. विनीचा बोर्ड दोन माणसांनी उचलून गाडीत घातला. मॉडनं त्याच दिवशी दुकानात येऊन जाहीर केलं, "आता माझं बोलणं माझं!"

घरोघर एकेक छापील कार्ड आलं. किर्कमोरला नऊ फिरवायचा, थॉर्नगिलला सात-चार, रेव्हनसाइडला आठ-दोन, आणि मग पुढचा नंबर. लोकांना वाटलं, झालं, एकदा पाठ केलं की सुटलो. पण रूथची मुलगी नॅन्सी किर्कमोरला मैत्रिणीकडे गेली, तिथून थॉर्नगिलला सात-चार फिरवला, तर भलत्याच गावचा खाटीक बोलायला लागला. मशिनं बसवणाऱ्या इंजिनियरनं विनीला समजावलं होतं, "रस्ता विचारण्यासारखं आहे, मिस ऑल्डरसन. थॉर्नगिलला कसं जायचं, हे तुम्ही कुठे उभ्या आहात त्यावर." आजूबाजूच्या सगळ्या गावांची कार्डं पोस्टात टांगायला आली होती. बोर्ड गेल्यावर रिकामी बसायची सवय नसलेल्या विनीनं ती सगळी पाठ करून टाकली.

पुढच्या वर्षी इस्टेटीचं वरचं कुरण भाड्यानं निघणार असल्याचं पुन्हा रूथलाच आधी कळलं. रूथनं या वेळी दार लावून घेतलं, स्वतः नऊ फिरवला, स्वतः कचेरीशी बोलली. दोन दिवसांत एडगर पीकॉकचा अर्ज टॉमसच्या अर्जाच्या शेजारी जाऊन बसला. निकाल महिनाअखेरीस लागायचा होता.

आता मध्ये कुणीच नव्हतं, तर बाहेर गेलं कसं? कुणी मशिनला बोल लावला. रूथ मात्र दुकानात आली आणि तिकिटं न घेताच म्हणाली, "त्या विटांच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते गं?"

किल्ली विनीकडे असायची. इंजिनियर लांबून येई, म्हणून तो तिच्याकडेच ठेवून जाई.

"माझ्याकडे," विनी म्हणाली.

"वाटलंच," रूथ म्हणाली आणि गेली.

त्याच शुक्रवारी मॉड चिठ्ठी नाचवत आली. "विनी, तुझं ते कार्ड खोटं आहे! तीनदा फिरवला. तीनदा रेव्हनसाइडचा कुणी बहिरा म्हातारा उठतो नि मला शिव्या देतो."

"कार्ड माझं नाही. बघू नंबर."

चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहिलं होतं: आठ दोन, एक चार सात.

"तुला कुठे लावायचाय?"

"थॉर्नगिलला."

"मग सात-चार लाव. आठ-दोन आपल्याकडून रेव्हनसाइडला जातो. दिला कुणी तुला हा?"

"एका ओळखीच्यानं," मॉड म्हणाली, आणि चिठ्ठी ओढून घेऊन निघून गेली.

विनी काउंटरवर दोन्ही हात टेकून उभी राहिली. थॉर्नगिलला आठ-दोननं जायचं ते फक्त किर्कमोरहून. म्हणजे ज्यानं लिहिलं, तो राहतो थॉर्नगिलला आणि घरी फोन करतो किर्कमोरहून. रोजच्या सवयीनं बोटं जशी फिरतात तसाच त्यानं नंबर लिहून दिला. तिनं डिरेक्टरी उघडली. थॉर्नगिल एक चार सात: डफील्ड, एल. तो आवाज तिनं सतरा वर्षं जोडून दिला होता. "इस्टेट कचेरी, डफील्ड बोलतोय." रूथचे दोन्ही फोन पहिल्यांदा उचलणारा कारकून!

इतके दिवस तो एडगरला मंगळवारच्या बाजारात गाठत असणार. विनी मध्ये असेपर्यंत फोन करायची त्यांची छाती झाली नसती. आता तिची अडचण दूर झाली म्हणून नंबर दिला.

दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. सांगितलं तर आयुष्यभर जे केलं नाही तेच केल्यासारखं होईल, एकीची गोष्ट दुसरीला. पण मग तिनं स्वतःला बजावलं की हे तारेतून आलेलं नाही, मॉडनं आपल्या पायानं काउंटरवर आणून ठेवलंय.

रविवारी ती रूथच्या स्वयंपाकघरात गेली आणि सगळं सांगितलं. रूथ टेबलावरचं पीठ मळतच राहिली.

"नि हे तुला कळलं कसं? अजून ऐकतेस वाटतं?"

"माझं ऐकू नकोस. मंगळवारी माझ्याबरोबर किर्कमोरला चल. तूच लाव."

मंगळवारच्या बसमध्ये दोघी एका बाकावर बसल्या, रूथची पिशवी मध्ये ठेवून. कचेरीच्या समोरच सार्वजनिक फोनची माणसाएवढी लाल पेटी होती. रूथनं नाणं हातात धरलं, आठ-दोन फिरवला, मग एक, चार, सात. विनी दार उघडं धरून उभी होती. रूथच्या नजरेतून अजूनही एकच प्रश्न हलत नव्हता: ही मला कशात अडकवतेय?

पलीकडे एक बाई बोलली.

"मिस्टर डफील्ड आहेत?" रूथनं विचारलं.

"ते कचेरीत आहेत. मी त्यांची मिसेस. कोण, मिस पीकॉक का? अहो, लागला की तुमचा फोन! भावाला सांगा, त्यांनी पाठवलेलं हॅम फार छान होतं हो."

रूथनं रिसीव्हर ठेवला. पेटीतून बाहेर आली, टोपी सरळ केली आणि विनीकडे न बघता रस्ता ओलांडून थेट कचेरीत शिरली. विनी पाऊण तास बाहेर थांबली. इस्टेटीच्या मुख्य साहेबानं डफील्डला आत बोलावलं, तेव्हा त्यानं आधी सगळं नाकारलं. फोनची पेटी समोर आहे, साहेब स्वतः लावून बघा, असं रूथ म्हणाल्यावर तो खुर्चीत बसला. संध्याकाळपर्यंत त्याची नोकरी गेली. एडगरचा अर्ज फेटाळला, कुरण टॉमसला मिळालं. लो फोल्ड मात्र पीकॉककडेच राहिलं. सही झालेला कागद होता तो.

परतताना बस चढाला लागली तेव्हा रूथ म्हणाली, "सहा वर्षं झाली, विनी."

"हो."

"पण तू ऐकलं होतंस."

"अर्धा मिनिट."

रूथनं पिशवीतून एक बन काढला, मोडला, आणि मोठा तुकडा विनीच्या मांडीवर ठेवला.

पुढच्या रविवारी प्रार्थना संपल्यावर रूथ उभी राहिली आणि सगळ्यांदेखत, नावं घेऊन, झालेलं सांगितलं. "मी चुकले," असंही म्हणाली. बऱ्याचजणांनी विनीचा हात हातात घेतला. मागच्या बाकावर मात्र कुणीतरी कुजबुजलंच, "ते ठीक आहे, पण सगळ्या गावांचे आकडे पाठ करून बसायची हिला गरज काय होती?"

मॉड त्यानंतर दुकानात आली नाही. दर बुधवारी बस पकडून ती तिकिटं आणायला थॉर्नगिलला जायची. तिची पत्रं मात्र स्केलबेकच्या पेटीतच पडत आणि विनीच्या हाताखालून जात. विनी बंद पाकिटांवर शिक्का मारून ती पिशवीत टाकायची. पोस्टकार्डं वाचायची. पोस्टकार्ड कोण वाचत नाही?