रुमालाखालची नाडी

सहा वर्षं माझं पोट फुगत होतं. चार घास खाल्ले की डफासारखं ताणायचं, करपट ढेकर यायचे, संध्याकाळपर्यंत धोतराची गाठ दोनदा सैल करावी लागे. माझा बाप असाच पोट फुगून चाळिशीच्या आत गेला. मी अडतिसाचा झालो होतो. कुणाला बोललो नाही, पण रोज आंघोळ करताना पोट दाबून गाठ लागते का बघायचो.

धंदा म्हशींचा. एका आटलेल्या म्हशीपासून मी तो उभा केला. मुरबाडकडून म्हशी आणायच्या, बदलापूर, अंबरनाथ करत चालवत न्यायच्या आणि उल्हासनगरच्या कॅम्पात, फाळणीत सिंध सोडून आलेल्या, बराकीत राहणाऱ्या सिंधी लोकांना विकायच्या.

अंबरनाथला एक वैद्य होते. सहा वर्षं मी त्यांच्या ओट्याखाली उभा राहिलो. त्यांनी एकदाही वर बोलावलं नाही, पोटाला हात लावला नाही. "जनावरांत राहतोस, जनावरासारखा फुगणारच," म्हणत वरून पुडी टाकायचे. माझे पैसे घ्यायला मात्र विटाळ नव्हता. हे मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

कॅम्पात एका म्हाताऱ्या सिंध्याला दुभती म्हैस हवी होती. त्याच्या बराकीसमोर सौदा सुरू झाला, माणसं जमली. आमच्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबायची, जितकी बोटं तितका भाव, म्हणजे बघणाऱ्याला कळत नाही. त्याच्या मुलखातही हीच रीत होती. त्यानं बोटं दाबली. मी हात हिसडला.

"साईं, इतने में पूंछ भी नहीं मिलेगी!"

लोक हसले. त्यानं शांतपणे माझा हात पुन्हा रुमालाखाली ओढला. या वेळी बोटं दाबली गेली नाहीत. ती वर सरकली, मनगटावर थांबली. त्यानं डोळे मिटले. मला वाटलं, ही काहीतरी नवी चलाखी.

"पेट कितने साल से फूलता है?"

माझं डोकं फिरलं. "माल में खोट नहीं मिली तो मालक में काढता क्या?"

"भैंस अच्छी है. बीमार तू है."

दारातून त्याची म्हातारी म्हणाली, "वहाँ हकीम थे. यहाँ कौन पूछता है? इसलिए भैंस ले रहे हैं."

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "मेरा बाप इसी में मरा, साईं."

त्यानं मला खाटेवर आडवं केलं आणि सगळ्यांदेखत पोटावर तळवा ठेवला. डाव्या कुशीपासून दाबत आला. माठ घेताना वाजवतात तसं दोन बोटांनी वाजवून ऐकत राहिला. हसणारी माणसं खाटेजवळ सरकली. सौदा सुरू असताना धोतराची गाठ मी सैल केली ते त्यानं आधीच पाहिलं असणार, एवढं मला कळत होतं. म्हैस मीही अशीच पाहतो, चालताना, बसताना, रवंथ करताना. पण मला जन्मात कुणी एवढं निरखून पाहिलं नव्हतं.

"गाँठ नहीं है. हवा है," तो म्हणाला. मग विचारलं, "भैंस फूले तो क्या करता है?"

"ओला चारा बंद. तेल पाजतो, कूस चोळतो, चालवतो."

"और चारा? दौड़ाते दौड़ाते खिलाता है?"

"छे! म्हैस निवांतच खाते, साईं."

"और तू?"

मी कबूल केलं. शिळा भात आणि वाल मी म्हशींच्या मागे चालता चालता गिळायचो, तोंडात घास असतानाच भावावरून भांडायचो.

"मुँह में कौर हो तो गाली मत दे. हवा अंदर जाती है."

सगळे हसले. खाटेवर पडल्या पडल्या मीही हसलो.

मी उठल्यावर त्यानं माझा हात पुन्हा रुमालाखाली घेतला आणि मघाचीच बोटं दाबली. मी एक बोट वाढवून घेतलंच. धंदा तो धंदा. त्यानं ते हसत दिलं.

परतताना चिखलोलीजवळ रस्त्याकडेला बसलो आणि भाकरीचं फडकं सोडलं. एकेक घास चावून खाल्ला. कुणाशी भांडण नव्हतं, घाई नव्हती. उजव्या हातानं खात होतो आणि डावा हात पोटावर होता, म्हाताऱ्यानं तळवा ठेवला होता त्याच जागी.