जपानचा खर्च कोणी केला

या वहीत चुका भरपूर निघतील. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे मला चौथीतही कळत नव्हतं, आणि त्यापुढं मी शाळेत गेले नाही. अक्षर असं की किराणा दुकानात यादी पाठवली की दुकानदार फोन करून विचारतो, मावशी, तिसरी ओळ काय आहे. कुणी ही वही उघडलीच तर माफ करावं. थोडा दोष वहीचाही आहे. पोरीनं ती जपानहून आणली. कागद सायीसारखा मऊ, पण रेघा इतक्या जवळ की माझं अक्षर एका ओळीत मावत नाही. मी एक ओळ सोडून लिहिते. तिला तसं सांगितलं तर म्हणाली, "मग अक्षर बारीक काढ की, आई." म्हणजे जपानला जाऊन आली ती, आणि सुधारायचं मी.

मी लातूरला डबे करते. क्लासला बाहेरगावाहून पोरं येतात, खोल्या करून राहतात, त्यांचे दोन वेळचे अडतीस डबे. पोरीचे वडील ती सहावीत असताना गेले, तेव्हापासून हेच. डबे दारात मांडायचे आणि आत जायचं, असं माझं आहे. दोन दोन वर्षं जेवून डॉक्टरीला गेलेल्या पोरांनी माझा चेहरा नीट पाहिला नसेल. लोकांशी बोलताना माझी जीभ जड होते. बोलायचं ते मला दुसऱ्या दिवशी पीठ मळताना सुचतं.

पोरगी नांदेडला शिकत होती. तिचा विषय आंबवण्याचा. कोणते जंतू कशात वाढतात, पीठ का फुगतं, दही का लागतं. इडलीचं पीठ मी रोज आंबवते, मला त्यासाठी कुठं जावं लागलं नाही. पण तिच्या विभागाचा जपानच्या एका विद्यापीठाशी करार होता आणि तिची निवड झाली. फोनवर म्हणाली, "एक वर्षाची अदलाबदल असते, आई. त्यांचा एक जण इकडं, आपला एक तिकडं." त्यांचा कोण इकडं आला ते मला अजून कळलेलं नाही.

फी तिकडं लागणार नव्हती. दर महिन्याला शिष्यवृत्तीही मिळणार होती, पण ती तिथं पोचून स्वतः सही केल्यावर. पोचायचं आपल्या पैशानं. तिकीट, विमा, वसतिगृहाचे पहिले महिने, थंडीचे कपडे, सगळं मिळून एक लाख चाळीस हजार. शिवाय एक फॉर्म होता. त्यात विचारलं होतं की या विद्यार्थ्याचा खर्च कोण करणार. नाव, नातं, व्यवसाय, वर्षाचं उत्पन्न आणि उत्पन्नाचा पुरावा.

मी म्हणाले, मी करणार. आजवर मीच केला.

"पुरावा?" पोरगी म्हणाली.

पुरावा म्हणजे तहसीलचा उत्पन्नाचा दाखला. तो आमच्याकडं दरवर्षीचा होता. पण पोरीची फी माफ व्हावी म्हणून तो दरवर्षी जितका कमी निघेल तितका कमी काढलेला. सगळेच तसा काढतात. त्या दाखल्याप्रमाणं आम्ही मायलेकी आठवड्यातून तीन दिवस जेवत असू. आता जपानला दाखवायचं तर उत्पन्न जास्त पाहिजे. बँकेचं पासबुक काढलं तर त्यात गॅसच्या सबसिडीचे पैसे आलेले आणि एकदा काढलेले दोन हजार. डब्याचा पैसा रोख यायचा आणि रोखच जायचा, किराण्याला, भाड्याला, भिशीला. अकरा वर्षं पहाटे चारला उठून चपात्या लाटल्या, त्याचा एक कागद नव्हता. अडतीस पोरं जेवत होती, पण कागदावर मी काहीच करत नव्हते.

मग अहमदपूरच्या दिरांना विचारावं लागलं. ते शाळेत मुख्याध्यापक आहेत. त्यांच्याकडं पगाराची स्लिप, आयकराचा कागद, बँकेत ठेव, सगळं आहे. आम्ही दोघी एसटीनं गेलो. त्यांनी चष्मा लावून फॉर्म वाचला आणि म्हणाले, "वहिनी, यात तुमचं नाव टाकून चालणार न्हाई. जपानवाले बुचकळ्यात पडतील." खर्च करणारा म्हणून त्यांनी स्वतःचं नाव घातलं, नात्यापुढं 'काका' लिहिलं आणि सही केली. बँकेचं पत्र आणून दिलं. आठ दिवसांत एक लाख चाळीस हजारही दिले. व्याजाचं नाव काढलं नाही. हे लिहिलं नाही तर मी खोटी ठरेन.

त्यानंतर मात्र सगळं त्यांचंच झालं.

निघायच्या आधी त्यांनी शाळेत पोरीचा सत्कार ठेवला. बसस्टँडसमोर फ्लेक्स लावला. वर गावातले चार पुढारी, मधे भावजी, हात जोडलेले, त्यांच्या खांद्याजवळ पोरगी, बिस्किटाच्या पुड्याएवढी. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. शाल पोरीला, नारळ भावजींना, आणि जावेनं मला घरी गेल्यावर ब्लाऊजपीस दिलं. भाषणात भावजी म्हणाले, "थोरला भाऊ गेला, पण पोरीला मी जपानला पाठवून राहिलो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. काय करणार, सगळे वाजवत होते.

गाडीत पोरगी म्हणाली, "तू कामून टाळ्या वाजवल्या?"

"मग काय हात बांधून बसू?"

"बोल की एकदा तू."

"तू बोल. तुला जपानी येते."

जायच्या आधी तिनं एक काम केलं. स्वयंपाकघराच्या दारावर पैसे घ्यायचा तो चौकोनी काळा-पांढरा कागद चिकटवला. पोरांनी फोन समोर धरायचा आणि पैसे माझ्या खात्यात. मला ते आवडलं नाही. हातात नोट नाही तर पैसे आले कसे म्हणायचे. पण पोरांना ते बरं पडलं, आणि मला मागायला तोंड उघडावं लागेना, हे मला बरं पडलं.

वर्षभर जपाननं माझं डोकं उठवलं. मी दुपारचे डबे उरकून तीनला बसले की तिथं साडेसहा झालेले. बोलायला वीस मिनिटं, त्यातली दहा कचऱ्यावर. तिकडं म्हणे दुधाचा पुडा धुऊन, कापून, वाळवून टाकायचा. कोणता कचरा कोणत्या वारी ते वेगळं. तिनं एकदा चुकीच्या वारी पिशवी ठेवली तर त्यावर चिठ्ठी लावून पिशवी परत तिच्या दारात. मी कारळाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट असं पार्सल पाठवलं. पाठवायला चटणीच्या चौपट खर्च आला. तिनं ती खोलीत उघडली तर शेजारच्या पोरीनं वॉर्डनला विचारलं, काही जळतंय का.

मग एक दिवस म्हणाली, सुट्टीच्या दिवशी काम मिळालं, त्यांची परवानगी काढली. कसलं काम, तर एका कारखान्यात जेवणाचे डबे भरायचं. इतकं शिकवून, इतकं लांब पाठवून पोरगी डबेच भरून राहिली.

"आई, इथं भात वजन करून भरतात. मी जरा जास्त घातला तर बाई बोलली."

"जास्त घातला म्हणून बोलली?"

"हाव. म्हणाली, सगळ्यांना सारखा पाहिजे."

"आपल्याकडं कमी घातला तर बोलतात." मग मी विचारलं, "किती तास उभी राहतीस?"

"पाच."

"पाय गरम पाण्यात सोड." त्यावर ती म्हणाली, "तू सोडतीस का?" मी म्हटलं, गॅसवर दूध आहे, ठेवते.

इकडं भावजी प्रत्येक लग्नात तिला व्हिडिओ कॉल लावत. मुखेडला माझ्या भाचीच्या लग्नात पंगत बसलेली, आणि हे फोन उंच धरून उभे. "पोरी, जरा बाहेर जाऊन तो बर्फाचा डोंगर दाखव सगळ्यांला."

"काका, तो इथून दिसत नाही. लई लांब आहे."

"मंग तू राहतीस कुठं?"

"खेड्यात. भाताची शेतं आहेत."

"शेतं न्हाई पाहिजेत, शेतं इथं बी हायत. रेल्वे दाखव." रेल्वेही दिसत नव्हती. भावजींनी फोन ठेवून पाहुण्यांना सांगितलं की नेटवर्क नाही. मला त्या दिवशी हसू आलं, पण ते तेवढंच. पाहुणे माझ्याकडं बघून म्हणाले, "नशीब काढलं बाई तुम्ही, असा दीर मिळाला."

भिशीचा नंबर लागला आणि खात्यातलेही थोडे जमले, तेव्हा मी पहिल्यांदा पैसे घेऊन अहमदपूरला गेले. ऐंशी हजार, पदराखाली कापडी पिशवीत. भावजींनी पिशवीकडं पाहिलंही नाही. "घरातल्या घरात कसला हिशोब, वहिनी. असू द्या. पोरीच्या लग्नाला लागतील." जावेनं पोहे केले. "अक्का, ते घेणार न्हाईत, तुम्ही कशाला त्रास घेता," म्हणाली. मी पोहे खाऊन पैसे घेऊन परत आले. एसटीत पूर्ण वाट त्या पिशवीवर हात.

दुसऱ्यांदा पूर्ण रक्कम नेली. "घाई काय आहे?" म्हणाले. तिसऱ्यांदा गेले तर पाहुणे बसले होते, त्यांच्यासमोरच म्हणाले, "बघा, आमच्या वहिनी पैसे द्यायला आल्या. मी म्हटलं, पुतणीला शिकवलं त्याचे पैसे घेऊ का मी?" पाहुण्यांना ते फार थोर वाटलं. माझी मान वर होईना. तेव्हा मला कळलं की हे पैसे ते कधीच घेणार नाहीत. मी देणं लागत होते तोवरच पोरीला जपानला त्यांनी पाठवलेलं होतं.

हे सगळं मी गिळलं असतं. पण पोरगी परत आली, राहिलेली परीक्षा दिली, आणि नांदेडच्या एका प्रयोगशाळेत तिला काम मिळायचं ठरलं. पगार फार नाही, पण तिच्या विषयाचं. त्याच आठवड्यात भावजी लातूरला आले. त्यांच्या संस्थेच्या ज्युनिअर कॉलेजात जागा होती. अध्यक्षांना शब्द दिला होता.

"काका, मला विचारलं न्हाई."

"विचारायचं काय त्यात? संस्थेत जपानहून आलेली बाई असली की शाळेचं नाव होतंय."

"मला प्रयोगशाळेत जायचंय."

भावजी रागावले नाहीत. चहा फुंकत म्हणाले, "तुला जपानला कुणी पाठवलं, पोरी?"

पोरगी माझ्याकडं बघत राहिली. मी दाराशी उभी होते, हाताला पीठ. भावजी म्हणाले, सोमवारी हजर व्हायचं, आणि गेले. पोरगी रडली नाही, भांडलीही नाही. बॅगा काढून ठेवल्या होत्या, त्या परत माळ्यावर टाकल्या. मला ते बॅगा टाकणं फार लागलं.

दुसऱ्या दिवशी पीठ मळताना सुचलं. जपानच्या कागदांची प्लास्टिकची फाइल कपाटात होती. तिच्यात सगळ्याच्या झेरॉक्स होत्या. त्यात भावजींच्या बँकेचं पत्र निघालं. खर्च करणाऱ्याचं नाव, शाखा, खाते क्रमांक, तो लांबलचक कोड, सगळं. जपानला दाखवायला आणलेलं.

दुपारचे डबे गेल्यावर मी पासबुक घेऊन बँकेत गेले. रोख रक्कमही परत खात्यात टाकलेली होती. पोरगी म्हणत होती, फोनवरून टाक, एका दिवसात लाखावर जात नाहीत, तर दोन दिवसांत दोनदा. पण मला शिक्क्याचा कागद पाहिजे होता. पैसे पाठवायचा फॉर्म घेतला आणि खुर्चीवर बसून स्वतः भरला. पहिला फाडला, दुसरा फाडला. तिसऱ्यात आकडे चौकोनात बसले. एक लाख चाळीस हजार फक्त, हे अक्षरात लिहिताना ओळ संपली, मग 'फक्त' खाली लिहिलं. कारण म्हणून रकाना होता. त्यात लिहिलं, जपानचा खर्च परत.

खिडकीतल्या बाईंनी पासबुक मशीनमध्ये घातलं. ते छापत राहिलं, छापत राहिलं. पान उलटून परत घातलं. "काय व्यवसाय करता, मावशी? लई एंट्र्या हायत."

"डबे," मी म्हणाले.

शिक्का मारून त्यांनी पावती दिली. ती मी घडी न घालता आणली.

संध्याकाळी चपात्या लाटत असताना भावजींचा फोन आला. पोरीनं स्पीकर लावला आणि फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला.

"वहिनी, हे काय केलं? बँकेतून? परक्यासारखं?"

मी लाटणं थांबवलं नाही. हात चालू असले की जीभ थोडी हलकी होते. "पोहोचले का, भावजी?"

"पोहोचले म्हणून तर विचारतोय. मी मागितले होते का?"

"पूर्ण हायत का बघा. एक चाळीस."

मागं जावेचा टीव्ही ऐकू येत होता.

"हायत," ते म्हणाले. "पूर्ण हायत."

"मंग अध्यक्षांना सांगा, पोरगी सोमवारी नांदेडला जाऊन राहिली."

त्यांनी फोन ठेवला. पोरगी माळ्याखाली स्टूल लावत होती. मी तव्यावरची चपाती उलटली. एका बाजूनं जास्त भाजली गेली होती. ती मी आमच्या दोघींच्या ताटासाठी बाजूला ठेवली.