द्वारकाबाईचं बोलणं रकान्यात मावेना

उत्कर्षा माझ्या शेजारची, शेळगावचीच. लहानपणी कुणी चूक दाखवली की फुगायची आणि दुसऱ्या मिनिटाला तीच चूक शोधत बसायची. आता एसटीनं रोज बारामतीला जाते, तिथं अजित म्हणून तिचे साहेब आहेत, त्यांच्या ऑफिसात कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिते. आमच्या पाणीवापर संस्थेच्या सभांची इतिवृत्तं ठेवणारा प्रोग्रॅमही तिचाच.

संस्थेच्या सभेत बोलायची एक रीत आहे. कालव्याचं पाणी शेतांकडं आणणाऱ्या चारीच्या तोंडाशी ज्यांची शेतं, ते आधी बोलणार, टेलचे, म्हणजे पार शेवटच्या टोकाचे, शेवटी. मला ही रीत कधी पटली नाही. टेलवाले उठेपर्यंत निम्मी सभा चहाला गेलेली असते. गेल्या सभेत टेलला एक आवर्तन सोडून, म्हणजे एका पाळीआड, पाणी द्यायचा ठराव आला. सगळ्यांत शेवटी टेलची द्वारकाबाई उठली आणि चेअरमनच्या तोंडावर म्हणाली, "तुमच्या उसाला दर खेपेला पाणी, आन माझ्या वांग्यानं उपास धरायचा व्हय? मला मान्य न्हाय!"

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. पण छापून आलेल्या इतिवृत्तात तोंडाकडच्यांची भाषणं संपता संपताच मजकूर तुटलेला, आणि खाली प्रोग्रॅमचं ठरलेलं वाक्य: ठराव एकमताने मंजूर. द्वारकाबाईच्या वॉल्व्हला कुलूप लागलं. वांग्याची फुलं गळाली.

ती तडक उत्कर्षाच्या दारात. "येवढं शिकलीस ती माझं बोलणं गिळायला?"

"आत्या, मी कशाला गिळू? गोकुळदादानं टाइपच केलं नसंल."

सचिव गोकुळनं मोबाइल पुढं केला. त्यात शब्दन् शब्द होता. "मी समदं टाकलं व्हतं. तुझा प्रोग्रॅमच खातुया."

मग उत्कर्षानं प्रोग्रॅम उघडला. मजकुराच्या रकान्यात चार हजार बाइट मावत होते. चाचणी घेताना बाईसाहेबांनी इंग्रजी एबीसीडी भरून पाहिलेली. तिथं अक्षराला एक बाइट. मराठीत अक्षराला तीन, काना-मात्रेचे आणखी वेगळे. म्हणजे आपलं बोलणं तिसऱ्या हिश्श्यातच संपतं! सुरुवातीला मजकूर मावला नाही की प्रोग्रॅम अडायचा, ऑफिसात फोन यायचे. त्या फोनांना वैतागून अजितनं तिला न विचारता एक ओळ घातली होती: मावेल तेवढं ठेव, उरलेलं टाकून दे, बोलू नकोस.

मला संताप येतो तो याचा. मावत नाही तर मावत नाही म्हणा. गुपचूप कापायचं आणि वर एकमत छापायचं, ही कुठली अक्कल?

अजित तिला म्हणाला, "कशाला उकरतेस? चेअरमनची काही तक्रार नाही."

"त्यांची कशी असेल सर? त्यांचं भाषण पहिलं असतं."

तिनं ती ओळ उडवली. रकाना बदलून अवाढव्य मजकूर ठेवणारा घेतला. मजकूर तुकड्यातुकड्यानं आत जाईल आणि एक तुकडा जरी अडला तरी प्रोग्रॅम बोंब मारेल, अशी सोय केली. ते एकमताचं वाक्यही काढलं. मग गोकुळचा मजकूर पुन्हा भरला.

पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचून कायम करायचं होतं. चेअरमन म्हणाले, "वाचलं असं समजा."

मी उठले. "आम्ही नाही समजत. वाचा."

गोकुळनं वाचलं, थेट 'मला मान्य न्हाय'पर्यंत. या वेळी चहाला कुणी उठलं नव्हतं. चारीच्या मधल्या भागातल्यांनी एकमेकांकडं पाहिलं. आज टेल, उद्या आपण. त्यांनीच ठरावावर पुन्हा हात वर करायला लावले आणि ठराव पडला. संध्याकाळच्या आत कुलूप निघालं. गळालेल्या फुलांबद्दल अवाक्षर नाही, ना चेअरमनकडून, ना अजितकडून.

द्वारकाबाईनं उत्कर्षाला विचारलं, "आता कितीबी बोललं तरी मावंल न्हवं?"

"मावंल, आत्या."

"मग बस हितं आन लिव्ह. माझ्या वांग्याचं आजून कायबी बोललेच न्हाय मी."