वहिनीचं उकळतं पाणी

फोन भाच्याचा होता. "आत्या, आई गेली," एवढंच बोलला. मी चहा ठेवला होता. गॅस बंद केला, पुन्हा लावला, पुन्हा बंद केला... महिना होत आला, पण ती चुळबूळ काही जात नाही. सून म्हणते, "आई, बसा जरा." काय बसा! जिच्याविषयी लिहायचं ती वत्सलावहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको, जन्मात कधी धड बसली नाही. सिंदी मेघेला तिच्या घरी गेलं की बोलता बोलता उठायची, धुतलेली वाटी पुन्हा धुवायची, आणि माझे हात ओढून चक्क हुंगायची. "साबण लावला का वं?" मला राग यायचा, खरंच सांगते. पाहुण्या बाईला कोणी असं विचारतं?

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी लग्न होऊन अल्लीपूरला आलेली. आई लहानपणीच गेलेली, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. मुलगी झाली. आमच्या घरची रीत अशी, की घरच्या विळ्यानं नाळ कापायची, वर चुलीतली राख दाबायची आणि पाचवीला सटवाईसोबत त्याच विळ्याची पूजा करायची. पूजा झाली अन् पोरीनं दूध ओढणं सोडलं. दातखीळ बसली, अंग ताठ झालं... आणि गेली. सासूबाई म्हणाल्या, सटवीनं लिहिलंच तेवढं होतं. मीही तेच मानलं. मानलं की रडायला तरी मोकळीक मिळते.

वहिनी तेव्हा वर्ध्याला एका दवाखान्यात सुईणीचं काम शिकत होती. ती भेटायला आली, माझ्याजवळ क्षणभर टेकली आणि उठून विळा कुठाय म्हणून विचारायला लागली. विळा गोठ्यात होता, त्यानंच गुरांचा चारा कापत. तिनं तो उलटासुलटा पाहिला. जाताना म्हणाली, "कुसुम, पुढच्या खेपेले मी आल्याशिवाय बाळंत होऊ नोको." जसं काही ते माझ्या हातात होतं.

पुढच्या खेपेला ती दिवस भरायच्या आधीच येऊन बसली. बसली कसली, येरझारा घालत राहिली. सोबत कैची आणि स्वच्छ कापडाचं गाठोडं. सासूबाई अडून बसल्या. "कैची चालत नाई, नर्सबाई. पाचवीले पूजा कशाची करू? घरचा विळाच पाह्यजे."

मला वाटलं, आता या दोघी भांडणार आणि मधल्यामध्ये माझं लेकरू जाणार. पण वहिनी म्हणाली, "बरं, विळाच घेऊ. पण त्याले उकळू द्या." पुरणाचा मोठा पितळी गंज, म्हणजे आमच्याकडचं पातेलं, चुलीवर चढला. विळा घासून मुठीसकट आत.

"मूठ ढिली होईन ना!"

"होऊ द्या."

मुलगा झाला. वहिनीनं हाक दिली, तसा सासूबाईंनी विळा बाहेर काढला. पाणी ठिबकत होतं. त्यांनी मोठ्या मायेनं तो पदराला पुसला, चांगला कोरडा केला आणि आणून दिला. सकाळपासून शेणाचे हात ज्याला पुसले, तोच पदर.

"हे काय केलं, विहीणबाई?"

"ओला होता. लेकराले गार लागन ना."

"ठेवा परत. पुन्हा उकळा."

"अन् नाळ? लेकरू तसंच ठेवतं?"

"राहू द्या. नाळेनं काई होत नाई, विळ्यानं होते."

बाळ कापडात गुंडाळून तिनं माझ्या पोटावर ठेवलं. मी ओरडत होते, "वहिनी, काप ना वं, मरन तो!" ती हलली नाही. हात पुन्हा धुऊन वर धरलेले, कशालाही न लावता, नजर चुलीवर. एका जागी कधी न ठरणारी ही बाई पाणी चांगलं खदखदेपर्यंत तिथं रोवल्यासारखी उभी होती. मग कापली नाळ. राख जवळ येऊ दिली नाही.

पाचवी आली, गेली. मी घटकेघटकेला त्याच्या जबड्याला बोट लावून पाहत होते. आठवडा उलटला, तरी तो आपला ओढतच होता. पाचवीच्या पूजेच्या वेळी सासूबाईंनी ढिल्या मुठीच्या विळ्याला हळदकुंकू लावलं आणि मग, कोणी न सांगता, चुलीजवळच्या त्या गंजालाही लावलं. वहिनी उठून भांडी घासायला गेली.

तो गंज माझ्याकडे आहे. परवा त्यात पाणी ठेवलं. उकळायला काही नव्हतं, तरी खदखदेपर्यंत तिथंच उभी राहिले... महिन्याभरात पहिल्यांदाच एवढा वेळ एका जागी. मुलगा बाहेरून आला. त्याचेही केस आता पिकलेत.

"काय उकळून राह्यली वं, माय?"

"काई नाई," म्हटलं. आणि त्याचे दोन्ही हात ओढून हुंगले.