खुशालची पिकप

अड्याळात कोणालाही विचारलं असतं, ती हिरवी गाडी कोणाची, तर शेंबडं पोरगंसुद्धा म्हणालं असतं, खुशालची. गाडी होती वासुदेवरावांची, धानगिरणीच्या मालकांची. अडुसष्ट साली त्यांनी ती नागपूरच्या लिलावातून आणली. लष्कराची जुनी जीप, मागचं अंग कापून त्यावर लाकडी हौदा बसवलेली. लोक तिला पिकप म्हणायचे. खुशाल तेव्हा गिरणीत पोती उचलायचा. गाडीबरोबर आलेला नागपूरचा ड्रायव्हर दोन महिन्यांत गावाला कंटाळून परत गेला, आणि त्याच्या शेजारी बसून बसून गिअर पाठ झालेल्या खुशालच्या हातात किल्ली आली.

तेरा वर्षं ती त्याच्याच हातात राहिली. तांदळाची पोती भंडाऱ्याला न्यायची, येताना गिरणीचं सामान आणायचं. बाजाराच्या दिवशी वांगी-मिरच्या. लग्नसराईत वऱ्हाड. कोणाची बाई अडली, कोणाला साप चावला, की माणसं मालकाकडे न जाता खुशालच्या दारात यायची आणि खुशाल मग मालकाकडे जायचा. गाडी रोज धुवायचा, स्वतःच्या अंगाला लावायचं तेल दाराच्या बिजागऱ्यांना लावायचा. त्याची बायको रुखमा हसून म्हणायची, "मले सवत आणली तुमी."

चौऱ्याहत्तर साली एस.टी.त ड्रायव्हरची भरती निघाली. खुशालनं हेवी लायसन काढलेलं होतं. अर्ज केला, बोलावणंही आलं. वासुदेवरावांना कळलं तेव्हा ते गिरणीच्या ओट्यावर चार माणसांत बसले होते. त्यांनी खुशालला बोलावून घेतलं.

"एस.टी.त जाऊन काय करशीन? आज तुमसर, उद्या साकोली. इथं राह्य. ही गाडी शेवटी तुलेच देतो मी."

चार माणसांनी ऐकलं. खुशालनं बोलावण्याचा कागद पेटीत तळाशी ठेवून दिला आणि मुलाखतीच्या दिवशी तांदूळ घेऊन भंडाऱ्याला गेला.

पुढच्याच वर्षी, भर पावसात, पोत्यांनी भरलेल्या गाडीचं चाक एका नाल्याच्या कडेला खचलं. ओढून काढली तेव्हा केबिनच्या मागे, डाव्या बाजूला, चेसीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, भेग गेलेली दिसली. भंडाऱ्याचा कृष्णराव मिस्त्री गाडीखालून बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, "चेसीच बदलली पायजे. पट्टी मारून वेल्डिंग करून देईन, पण तिचा भरवसा मले नको विचारू." खुशालनं तसंच जाऊन मालकांना सांगितलं. मालक म्हणाले, पट्टी मार आणि वरून रंग दे. त्यानं पट्टी मारून घेतली, रंग दिला. तेव्हापासून तो गाडी चालवायचा ते एक कान त्या जागेकडे ठेवून. खड्डा आला की गाडी अशी उतरवायचा, जशी म्हातारीला हात धरून पायरी उतरवावी. शेजारी बसणारे म्हणायचे, काय हात आहे खुशालचा.

एक्याऐंशी साली वासुदेवरावांनी नवा ट्रक नोंदवला. खुशालला बोलावून म्हणाले, "ट्रक तर तूच चालवशीन. अन् पिकप आता काढून टाकतो. तुले शब्द देला होता, म्हून पयले तुले विचारून राह्यलो. बाहेरच्याले बारा सांगतो, तुले अकरा हजार."

सात वर्षांपूर्वी ओट्यावर 'देतो' म्हटलं होतं. 'देतो' म्हणजे 'विकतो' असं त्या चार माणसांतही कोणाला वाटलं नव्हतं. पण त्याचा राग यायच्या आधी खुशालला आनंदच झाला, आणि या गोष्टीची त्याला पुढे फार लाज वाटली.

घरी रुखमानं सगळं ऐकून घेतलं. तिच्या बापानं तिला तलावाखालची एक एकर धानाची बांधी दिली होती. ती म्हणाली, "बांधी विकते मी. पण तुमी मनापासून सांगा, घ्याची हाये का नाई?"

"सांगतो," तो म्हणाला.

तीन दिवस तो सांगतो-सांगतो म्हणत राहिला. ट्रक दुसऱ्याचा आणि पिकप स्वतःची, असा विचार केला की त्याला घास गोड लागायचा. पिकप घेतली तर ट्रकची नोकरी सोडावी लागणार होती. त्याचंही काही वाटत नव्हतं. आड येत होती ती फक्त केबिनमागची हातभर जागा. चौथ्या दिवशी सकाळी तो गोणपाट अंथरून गाडीखाली गेला. पट्टीच्या कडेला केसाएवढी रेघ दिसली. ती लोखंडातली होती की नुसती रंगातली, हे नखानं खरवडूनही कळेना. तो बराच वेळ तसाच पडून राहिला. मग उठून, कपडे न झटकता, मालकांकडे गेला.

"मालक, गाडी घेतो. पण चेसी बदलून द्या, नाईतर तेवढा पैसा कमी करा. ते वेल्डिंग..."

"कोणतं वेल्डिंग?" वासुदेवराव म्हणाले.

खुशालला वाटलं, विसरले असतील. त्यानं नाला, पाऊस, कृष्णराव, सगळं सांगितलं. वासुदेवराव पान लावत होते. पान तोंडात घातल्यावर म्हणाले, "तेरा वर्षं गाडी तुह्या हाती. मोडली असंन तं तूच मोडली असशीन. घ्याची नसंन तं नको घेऊ. पण माह्या मालाले नाव ठेवू नको."

खुशालनं किल्ली गादीवर ठेवली आणि नको म्हणाला. घरी रुखमानं कारण विचारलं नाही. बांधी वाचली म्हणून तिला बरं वाटलं असेल, पण त्याचं तोंड पाहून तिनं तेही दाखवलं नाही.

आठ दिवसांनी कळलं की पिकप पाहायला आसगावचा तुलाराम येऊन गेला. तुलाराम म्हणजे खुशालच्या पाठच्या बहिणीचा, बेबीचा नवरा. भाजीपाल्याचा व्यापार करायचा. माणूस हुशार, बोलायला गोड. वासुदेवरावांनी खुशालला म्हटलं, "घरचीच गोष्ट झाली. जवाई विचारायले येईन, दोन शब्द चांगले सांगजो. ट्रक पुढच्या सोमवारी येऊन राह्यला."

पुढचं, म्हणजे त्या ट्रकवर मग कोण बसेल ते, त्यांनी बोलून दाखवलं नाही. खुशालला ते बोलल्यासारखंच ऐकू आलं.

तुलाराम बेबीला घेऊन आला. चहा झाला. तुलारामनं विचारलं, "खुशालभाऊ, तुमाले घ्याची होती ना हे गाडी? मंग सोडली काहून?"

"चेसी जोडलेली हाये, जवाई. सहा वर्षं झाले. रंगाखाली दिसत नाई. तुमी नका घेऊ."

तुलारामनं कपातला चहा फिरवला. "वासुदेवराव म्हणाले, तुमी पैसे कमी करा म्हणत होते."

"म्हणत होतो. याच्याचसाठी."

"अन् सहा वर्षं तुमी त्याच गाडीत लोकायची वऱ्हाडं नेली. आमच्या लग्नात बेबीले त्याच गाडीत बसवून पाठवलं. तवा चेसी नोती काय?"

खुशालजवळ उत्तर होतं. गाडी मी चालवत होतो, मला माहीत होतं कुठे हळू करायचं, स्प्रिंगचे पाटे किती दबले की थांबायचं. पण तोंडातून एवढंच निघालं, "तवा मी चालवत होतो."

हे त्याला स्वतःलाच फुशारकीसारखं ऐकू आलं. बेबीनं त्याच्याकडे पाहिलं. ती त्याच्याहून दहा वर्षांनी लहान. आई गेल्यावर त्यानंच तिला वाढवलेलं. ती हळू आवाजात म्हणाली, "दादा, तुले नाई जमली म्हून आमी बी घेऊ नाई काय?"

तुलारामनं गाडी पवनीच्या एका मिस्त्रीला दाखवली. मिस्त्री खाली वाकून म्हणाला, अजून दहा वर्षं हिला काही होत नाही. दसऱ्याला गाडी आसगावला गेली, झेंडूच्या माळा घालून. तुलारामनं सौदा ठरवताना खुशाल काय म्हणाला ते वासुदेवरावांना सांगितलं होतं, भाव पाडण्यासाठी. सोमवारी ट्रक आला आणि त्यासोबत भंडाऱ्याचा एक ड्रायव्हरही आला. खुशालला कोणी नको म्हटलं नाही. त्याला नुसतं कोणी बोलावलं नाही.

मग तो कोणाचा ट्रॅक्टर चालवायचा, हंगामात. बाकीचे दिवस रुखमासोबत बांधीत. आणि पिकप चालत राहिली. तुलारामनं घनश्याम नावाचा ड्रायव्हर ठेवला होता, बाविशीतला, हात मोकळा सोडणारा. बाजाराच्या दिवशी तो अड्याळच्या चौकातून जायचा तो हौद्यात पोती, पोत्यांवर माणसं आणि माणसांच्या मांडीवर टोपल्या घेऊन. तुलारामनं घराला वरचा मजला चढवला. गावात लोक खुशालला म्हणायचे, "काय खुशाल, तुही गाडी तं अजून धावूनच राह्यली." एकदा रुखमाच्याही तोंडून निघून गेलं, "आपली बांधी राह्यली अन् गाडी गेली. मोडली तं नाई अजून." ती सहज बोलली होती. तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

चौकात इंजिनचा आवाज आला की त्याचा कान आपोआप त्या जागेकडे जायचा. एका बाजाराच्या दिवशी गाडी वळणावरच्या खड्ड्यात दाणकन आपटली आणि तशीच पुढे निघून गेली. खुशाल पानठेल्याशी उभा होता. त्याच्या मनात आलं, आजही नाही. मग त्यानं नीट पाहिलं तर केबिनमध्ये बेबी बसली होती, मांडीवर धाकटं पोर. त्यानं पान थुंकलं. आपण कशाची वाट पाहत उभे होतो, हे त्यानं रुखमालाही कधी सांगितलं नाही. त्यानंतर तो बाजाराच्या दिवशी चौकात जायचा बंद झाला.

चौऱ्याऐंशीच्या श्रावणात बेबीचे तिसऱ्या खेपेचे दिवस भरत आले होते. रुखमानं डिंकाचे लाडू बांधून दिले, ते घेऊन खुशाल एस.टी.नं आसगावला गेला. तुलाराम दारात आला, पाणी दिलं, बरा बोलला. घनश्याम दोन दिवसांच्या सुट्टीवर गेला होता. जेवणं झाल्यावर, टळटळीत दुपारी, बेबीच्या पोटात कळा सुरू झाल्या आणि सुईण तासाभरात म्हणाली, मूल आडवं आहे, माझ्या हातचं नाही, पवनीला न्या.

एस.टी. चारची. तुलारामला गाडी चालवता येत नव्हती. त्यानं किल्ली आणून खुशालसमोर धरली. खुशालनं ती घेतली.

हौद्यात धानाचं तणस टाकलं, वर गोधडी, गोधडीवर बेबी आणि तिची सासू. तुलाराम खुशालच्या शेजारी बसला. तीन वर्षांनी पाय तिच्या क्लचवर पडला आणि गाडी हलली तेव्हाच खुशालला कळलं की गाडी डावीकडे ओढते आहे. चार कोसांचा रस्ता, पावसानं उखडलेला. त्यानं गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घातली आणि खड्डे वेचत, थांबत, डावं चाक दगडावरून अलगद काढत न्यायला लागला. मागून बेबी ओरडत होती. दोन वेळा तिची सासू काचेवर हात मारून म्हणाली, "बापू, जरा लवकर." तुलाराम रस्त्याकडे पाहत म्हणाला, "घनश्याम पाऊण घंट्यात जाते."

"चेसी तुटली तं मधातच राहू," खुशाल म्हणाला.



पवनीला पोचायला दोन तास लागले. बेबी वाचली. मूल गेलं, मुलगा होता. डॉक्टरीण बाई बाहेर येऊन म्हणाली, थोडं आधी आणायला हवं होतं. ती हे रोज कोणाला ना कोणाला म्हणत असेल. तुलारामनं ते ऐकलं, खुशालनंही ऐकलं. संध्याकाळी तुलाराम दवाखान्याबाहेर आला. पिकप उभी होती. तो तिच्या पुढच्या चाकाशी उकिडवा बसला आणि खाली वाकून पाहून उठला.

"साबूत हाये," तो म्हणाला, आणि आत गेला.

खुशाल एस.टी.नं अड्याळला आला. त्यानंतर त्यानं ट्रॅक्टरही सोडला. लायसनची मुदत संपली ती पुन्हा वाढवली नाही. तुलारामनं शहाऐंशी साली पिकप लाखांदूरच्या कोणाला विकली आणि नवीन मॅटाडोर घेतली. पिकपचं पुढे काय झालं, खुशालनं कोणाला विचारलं नाही.

दोन दिवाळ्या बेबी आली नाही. तिसऱ्या भाऊबीजेला आली, एकटीच. ओवाळलं, लुगडं घेतलं, जेवली. दुपारी रुखमा बांधीकडे गेल्यावर ती ओसरीत तांदूळ निवडायला बसली. खुशाल खाटेवर पडला होता. सुपातून मान वर न करता तिनं विचारलं, "दादा, त्या दिवशी तू जाणून हळू चालवली काय?"

"नाई वो माय," तो म्हणाला.

"मले वाटलंच," बेबी म्हणाली.

तिला काय वाटलं होतं, ते तिनं सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही. आपण खरं बोललो की खोटं, याचा तो खाटेवर पडल्या पडल्या विचार करत राहिला, आणि बेबी खडे वेचून अंगणात टाकत राहिली.