सात जाळ्या

माझे मामा कुंपणाची जाळी बसवायचे. तीस वर्षं तेच काम, आणि कुणी चूक काढलेली मुळीच खपायची नाही. एका गोदामाभोवती आतड्यासारखी वेडीवाकडी, दोन पुरुष उंच, एकच सलग जाळी बसवून त्यांनी शेवटची गाठ मारून ती बंद केली, आणि मग मला फोन केला.

"मी बाहेरच आहे, पण समोर रस्ता दिसतोय नि तिथवर पोचता येत नाहीये."

"मामा, रस्त्याकडे सरळ बघा. मधे किती जाळ्या आहेत?"

"सात."

"प्रत्येक जाळी ओलांडली की आतला बाहेर होतो, बाहेरचा आत. सातदा बदलून बाहेर पोचायचं, म्हणजे तुम्ही आत आहात."

"मला अक्कल शिकवू नकोस!"

ते तरातरा चालत मोजत राहिले. पाच. नऊ. पुन्हा सात. कोपरा ओलांडला की जाळीच्या घडीच्या दोन्ही बाजू एकदमच नजरेसमोर येत, नाहीतर एकदमच जात. आकडा दोनानेच हलायचा. विषमाचा सम होईना, मग मधे एकही जाळी नाही असं शून्य कुठून येणार?

"पकड आहे ना हातात? तोडा जाळी," मी म्हटलं.

मामांचा आवाज खाली आला.

"तीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलो, माझ्या जाळीतून कुणी सुटत नाही."